झोपेची तक्रार घेऊन आधी कोणत्या दारी जावे: बडोद्यात शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

नवरात्र उलटले की आणि परीक्षा महिन्यावर आल्या की, अशा वर्षातल्या दोन हंगामांत "सर, झोप लागत नाही" म्हणत येणारी मुलेमुली मी बरीच वर्षे पाहतो आहे. बहुतेक जण मदत मागतात, पण उलट्या क्रमाने मागतात. आधी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून गोळी घेतली जाते, मग सकाळचा तास किंवा पेपर बुडतो, मग प्रमाणपत्रासाठी धावाधाव होते आणि डॉक्टरांची गाठ सर्वांत शेवटी पडते. खाली दिलेला क्रम महाराजा सयाजीराव विद्यापीठात किंवा बडोद्यातल्या दुसऱ्या एखाद्या संस्थेत शिकणाऱ्या, वसतिगृहात किंवा घरी राहणाऱ्या कोणालाही पाळता येईल. पहिला टप्पा मात्र कोणीही वगळू नये.

## १. आजच दाखवण्याजोगे काही आहे का, ते पाहावे

पुढे चौदा दिवसांची नोंदवही ठेवायला सांगितली आहे. पुढील गोष्टींपैकी एक जरी लागू असेल तर तिची वाट न पाहता त्याच दिवशी मदत घ्यावी.

- जगणे नकोसे वाटते, किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येतात.
- दोन-तीन रात्री जेमतेम दोन तास झोप होऊनही थकवा नाही. उलट उत्साह उतू जातो, बोलणे थांबत नाही, एकामागून एक बेत सुचतात, पैसा हातात राहत नाही.
- कोणी नसताना आवाज ऐकू येतात, किंवा सगळे आपल्याविरुद्ध आहेत अशी खात्री वाटू लागते.
- दुचाकी चालवताना डोळा लागला आहे, मग तो एकदाच का असेना.
- झोपेच्या गोळ्या सांगितल्यापेक्षा जास्त घेतल्या गेल्या आहेत.

गोळ्या जास्त घेतल्या गेल्या असतील किंवा जीवाला धोका वाटत असेल तर १०८ ला फोन करून रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे. सोबत खोलीतला मित्र किंवा मैत्रीण असावी आणि गोळ्यांची रिकामी पट्टी बरोबर न्यावी. मनातले विचार कोणाशी तरी बोलायचे असतील तर टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य मिळते आणि तिथे मराठीत, गुजरातीत किंवा हिंदीत बोलता येते. दुसऱ्या मुद्द्याला पुष्कळ जण आजार मानतच नाहीत, कारण त्या दिवसांत माणूस दुःखी दिसत नाही. मानसोपचारतज्ज्ञ मात्र त्याकडे फार गांभीर्याने पाहतात.

सावधान: गाडीवर डुलकी लागली असेल तर निदान होईपर्यंत गाडीची किल्ली दुसऱ्याकडे द्यावी. "सावकाश चालवतो" हा त्यावरचा उपाय नव्हे.

## २. तक्रारीला नेमके नाव द्यावे

"झोपेचा त्रास आहे" एवढे सांगितले तर डॉक्टरांच्या हाती काहीच लागत नाही, कारण या एका वाक्यात निदान पाच वेगवेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात: अंथरुणावर पडल्यावर झोप लागत नाही, लागते पण मध्येच मोडते, पहाटे फार लवकर जाग येते, रात्रभर झोपूनही दिवसा झापड येते, किंवा झोप चांगली लागते, पण नको त्या वेळी, म्हणजे पहाटे तीन ते सकाळी अकरा. शेवटच्या प्रकारातली मुले स्वतःला निद्रानाशाची रोगी समजतात. वस्तुतः त्यांचे शरीराचे घड्याळ पुढे सरकलेले असते, आणि त्यावरचे उपाय निद्रानाशाहून वेगळे आहेत.

आणखी एक फरक आधीच मनात स्पष्ट असावा, तो थकवा आणि झापड यांतला. निद्रानाश असलेला माणूस दिवसभर गळून गेलेला असतो, पण दुपारी आडवे पडूनही त्याला डोळा लागत नाही. झोपेत श्वास अडकणारा माणूस तासाला बसल्या बसल्या पेंगतो. दोघेही "फार थकलो आहे" असेच सांगतात. बडोद्यात डॉक्टरांशी बोलणे बहुधा गुजरातीत किंवा हिंदीत होते आणि तिथे घोटाळा वाढतो. आपण मराठी वळणाने "ऊंघ बहु आवे छे" म्हणून जातो आणि ऐकणाऱ्याला वाटते, चला, झोप तर येते आहे. अशा वेळी "क्लासमां झोकां आवे छे", म्हणजे तासाला डुलक्या येतात, असे सांगावे. त्याने अर्थ बरोबर पोहोचतो.

त्रास आठवड्यातून किमान तीन रात्री आणि तीन महिन्यांपासून असेल तर डॉक्टर त्याला जुनाट निद्रानाश म्हणतात. याचा अर्थ तीन महिने थांबावे असा मुळीच नाही. तीन-चार आठवडे झाले आणि अभ्यासावर परिणाम दिसू लागला की जाण्यास तेवढे कारण पुरेसे आहे.

## ३. चौदा दिवसांची नोंदवही

सर्वाधिक चुका होतात त्या इथेच, आणि हे काम नीट झाले तर पुढची निम्मी वाट सोपी होते. शंभर पानी वहीचे एक पान पुरते. रोज सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पुढील गोष्टी लिहाव्यात: दिवा किती वाजता मालवला, झोप अंदाजे किती वाजता लागली, मध्ये किती वेळा आणि एकूण किती वेळ जाग होती, शेवटची जाग केव्हा आली, अंथरुणातून प्रत्यक्ष केव्हा उठलो, आदल्या दिवशी दुपारी किती झोपलो, चहा-कॉफी किती आणि शेवटचा कप केव्हा, तंबाखू, मद्य किंवा कोणतीही गोळी घेतली का, आणि आज डोके कसे आहे, याला पाचपैकी गुण.

रात्री घड्याळ बघू नये. वेळा अंदाजानेच लिहायच्या असतात, डॉक्टरही त्या अंदाज म्हणूनच वाचतात. "दोन वाजून सतरा मिनिटे" असे लिहिणारा विद्यार्थी रात्रभर मोबाइल पाहत होता, एवढेच त्यातून सिद्ध होते.

तिसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याच्या वहीतली एक ओळ ओळख पुसून इथे देतो:

*दिवा १२.१०. झोप अंदाजे २.००. मध्ये एकदा जाग, अर्धा तास. शेवटची जाग ९.००. उठलो ९.२०. काल दुपारी २ ते ४.१५ झोप. चहा ५, शेवटचा रात्री ११.४५. डोके: २.*

आता यावर गणित करू. अंथरुणात घालवलेला वेळ १२.१० ते ९.२०, म्हणजे ५५० मिनिटे. प्रत्यक्ष झोप २.०० ते ९.००, त्यातून अर्धा तास वजा, म्हणजे ३९० मिनिटे. ३९० ला ५५० ने भागून शंभराने गुणले की ७१ टक्के येतात. हा आकडा साधारण ८५ किंवा त्याहून अधिक असेल तर अंथरुणातला वेळ सत्कारणी लागला असे मानतात. इतके पाहून मुलगा म्हणाला, "बघा, मला निद्रानाशच आहे." मग त्याला दुपारची झोप मिळवायला सांगितली. रात्रीचे साडेसहा तास आणि दुपारचे सव्वादोन मिळून पावणेनऊ तास होतात. तरुण प्रौढ माणसाला सात ते नऊ तास लागतात. म्हणजे झोपेचा साठा भरलेलाच होता, फक्त तो चुकीच्या खणात ठेवलेला होता. पावणेबाराच्या चहाचीही एक गंमत आहे. कॅफीन शरीरातून निम्मे उतरायला सुमारे पाच तास लागतात, कोणाला कमी, कोणाला जास्त. त्याच्या अंगात पहाटे पावणेपाचला अर्धा कप चहा जागा होता.

ही एक ओळ हातात नसती तर तो झोपेची गोळी मागायला गेला असता आणि बहुधा घेऊनही आला असता.

नेहमीच्या चुका: चौदा दिवसांची वही तेराव्या रात्री एका बैठकीत भरणे ही पहिली. एकाच शाईत, एकाच वळणात, सगळे आकडे अर्ध्या तासाच्या पटीत असले की पाहणाऱ्याला ते लगेच कळते. मनगटी घड्याळाचे रंगीत आलेख छापून नेणे ही दुसरी; ती घड्याळे हालचाल आणि नाडी यांवरून गाढ झोप, हलकी झोप ठरवतात आणि निद्रानाशात त्यांचा अंदाज पुष्कळदा चुकतो. ते आलेख पाहून काळजी वाढलेली आणि त्या काळजीने झोप उडालेली मुले मी पाहिली आहेत. चुकीचा पंधरवडा निवडणे ही तिसरी चूक. नवरात्राच्या नऊ रात्री, उत्तरायणाचे दोन दिवस आणि दिवाळीत गावी गेलेला आठवडा यांवरून आपल्या नेहमीच्या झोपेविषयी काहीच कळत नाही. परीक्षा तोंडावर असेल तर सात दिवसांचीही वही चालते, पण ती खरी असावी.

## ४. फाईल तयार करावी

एक साधी प्लॅस्टिकची फाईल घ्यावी. तीत नोंदवही, विद्यापीठाचे ओळखपत्र, आधारची प्रत, आभा क्रमांक काढला असेल तर तो चौदा आकडी क्रमांक, आणि जुने रक्ताचे अहवाल असतील तर ते ठेवावेत. सध्या चालू असलेल्या औषधांची यादी स्वतंत्र कागदावर लिहावी. दम्याची, सर्दीची, नैराश्याची, एकाग्रतेसाठीची औषधे, व्यायामशाळेतल्या मित्राने दिलेली भुकटी आणि ताकद वाढवणारी पेये, सगळे तीत यावे, कारण यांतली बरीच झोपेवर परिणाम करतात. तंबाखू किंवा मावा चालू असेल तर तेही लिहावे. निकोटीन उत्तेजक आहे, आणि डॉक्टर ही माहिती घरी कळवायला बसलेले नसतात.

घोरण्याविषयी स्वतःला काहीच माहीत नसते. खोलीतल्या सोबत्याला विचारावे आणि त्याची तयारी असेल तर रात्री दोन मिनिटांचे ध्वनिमुद्रण करायला सांगावे. घोरणे मध्येच थांबते, क्षणभर शांतता आणि मग धापेसारखा मोठा श्वास, असे त्यात ऐकू आले तर पुढची दिशाच बदलते.

शेवटी अर्ध्या पानाची चिठ्ठी लिहावी. ती अशी असावी: "वय २०, वसतिगृहात राहतो. पाच महिन्यांपासून आठवड्यातून चार रात्री झोप लागायला दोन तास लागतात. दुपारी झोपतो. घोरत नाही. वजन वर्षात ८ किलो वाढले. इतर औषध नाही. सकाळच्या तासांची उपस्थिती घसरली आहे. गोळीशिवाय काही उपाय आहे का, हे विचारायचे आहे." रुग्णालयाच्या गर्दीत डॉक्टरांना आपल्यासाठी चार-पाच मिनिटे मिळतात. ही चिठ्ठी वाचायला अर्धे मिनिट लागते आणि उरलेला वेळ तपासणीला मिळतो.

## ५. पहिले दार: आरोग्य केंद्र किंवा नेहमीचे डॉक्टर

थेट तज्ज्ञाकडे जाण्याची घाई नको. विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात, किंवा दांडियाबाजार-रावपुऱ्याकडच्या घरी राहणाऱ्यांनी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे आधी जावे. झोप बिघडवणाऱ्या कितीतरी साध्या गोष्टी तिथेच सापडतात: वाढलेले थायरॉईड, रक्तक्षय, आम्लपित्त, चोंदलेले नाक, सुजलेले टॉन्सिल, रात्री उचल खाणारा दमा. संध्याकाळी पाय ओढतात, हलवल्याशिवाय चैन पडत नाही, अशी तक्रार असेल तर ती आवर्जून सांगावी. तिच्यामागे शरीरातील लोहाचा साठा कमी असणे हे कारण असू शकते, आणि ते पाहण्यासाठी हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही तपासावे लागते. हिमोग्लोबिन बरे असूनही फेरिटिन कमी असू शकते.

डॉक्टरांना विचारावे: रक्ताच्या कोणत्या तपासण्या लागतील, ही तक्रार कोणत्या विभागाकडे जाईल, आणि तिकडे पाठवण्याची चिठ्ठी मिळेल का.

निघण्यापूर्वी तपासावे: कागदावर तारीख, शिक्का, डॉक्टरांची सही व नोंदणी क्रमांक आणि ओळखपत्रावर आहे तसेच नाव आहे ना? हा शेवटचा मुद्दा मराठी मुलांना हमखास नडतो. गुजरातेतल्या कागदपत्रांवर पुष्कळदा आडनाव आधी येते, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे. आपण सांगतो नाव-वडील-आडनाव, आणि खिडकीवरचा माणूस वडिलांचे नाव आडनावाच्या जागी लिहून मोकळा होतो. माझ्याच एका विद्यार्थिनीचे प्रमाणपत्र एवढ्या कारणाने एका कार्यालयातून परत आले आणि दुरुस्तीसाठी तिला आणखी दोन सकाळी घालवाव्या लागल्या. त्या दोन्ही सकाळी तिची इंटर्नल होती.

## ६. दुसरे दार: समुपदेशक

जुनाट निद्रानाशावर पहिला उपचार म्हणून जगभरातल्या वैद्यकीय मार्गदर्शिका ज्याची शिफारस करतात, तो गोळीचा नाही. झोपेसाठीची वर्तनोपचार पद्धती असे त्याला म्हणता येईल. साधारण चार ते आठ बैठकांत ती शिकवली जाते. म्हणून समुपदेशकाची वेळ घेणे ही डॉक्टरांनी हात टेकल्यावरची पायरी नसून रक्ताच्या तपासण्या चालू असतानाच उचलायची पायरी आहे. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये बजावले आहे. तेव्हा आपल्या विभागात किंवा अधिष्ठात्यांच्या कार्यालयात "समुपदेशक कोण आणि कधी बसतात" असे विचारण्यात संकोच नसावा. मानसशास्त्राचा विभाग हे शिकवण्याचे ठिकाण आहे, दवाखाना नव्हे. तिथल्या प्राध्यापकांच्या दारावर आजार घेऊन थेट टकटक करण्याऐवजी तिथे समुपदेशनाची सोय आहे का, एवढेच आधी विचारावे.

पहिल्या बैठकीत स्पष्ट विचारावे: "निद्रानाशासाठीचा वर्तनोपचार आपण करता का, की त्यासाठी दुसरीकडे पाठवाल?" मन मोकळे करण्याने बरे वाटते, पण निद्रानाश तेवढ्याने सहसा हटत नाही. समुपदेशक औषध लिहून देत नाहीत, हेही लक्षात असावे.

बैठक मिळेपर्यंत घरी सुरू करता येण्यासारख्या गोष्टी तीन आहेत. उठण्याची वेळ रविवारसह रोज एकच ठेवावी. अंथरूण झोपेपुरतेच वापरावे. आणि वीस-एक मिनिटे झोप लागली नाही असे वाटले की उठून मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणे वाचावे आणि डोळे जड झाल्यावरच परतावे. वेळेचा अंदाजच घ्यावा, घड्याळ पाहू नये.

यांतली दुसरी गोष्ट वसतिगृहात अवघड जाते, कारण तिथे पलंग हीच खुर्ची, तेच टेबल आणि मेसचा डबा उघडण्याची जागाही तीच. एका मुलीने यावर साधा तोडगा काढला होता. दिवसा गादीवर जाड सतरंजी टाकायची, उशी कपाटात. रात्री सतरंजी काढून उशी बाहेर काढली की पलंग "झोपेचा" झाला. अभ्यास शक्यतो हंसा मेहता ग्रंथालयात उरकून यायचा. ऐकायला पोरकट वाटते, पण मेंदूला सवय लागते ती अशाच खुणांनी.

घड्याळ पुढे सरकलेल्यांसाठी उपाय वेगळा. त्यांनी लवकर झोपण्याचा हट्ट सोडून उठण्याची वेळ दर दोन-तीन दिवसांनी पंधरा ते तीस मिनिटांनी अलीकडे आणावी आणि उठल्याबरोबर अर्धा तास उघड्यावर, गच्चीत किंवा कमाटीबागेत घालवावा. सकाळचा उजेड घड्याळ मागे आणतो. रात्रीचा पडद्याचा उजेड पुढे ढकलतो.

सावधान: अंथरुणातला वेळ मुद्दाम कमी करण्याचे तंत्र याच उपचारात असते आणि ते परिणामकारकही आहे, पण ते स्वतःच्या मनाने करू नये. फिट येण्याचा आजार, पहिल्या टप्प्यात सांगितलेला अति-उत्साहाचा आजार किंवा रोज गाडी चालवणे असेल तर ते धोक्याचे ठरू शकते. पहिल्या एक-दोन आठवड्यांत दिवसाची झापड वाढते आणि पुष्कळ जण तिथेच सोडून देतात.

## ७. तिसरे दार: रुग्णालयातला योग्य विभाग

बडोदा वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले सर सयाजीराव रुग्णालय, म्हणजे आपले एसएसजी, हे सर्वांना उघडे असलेले मोठे सरकारी रुग्णालय. सकाळी लवकर जाऊन आधी केसपेपर काढावा आणि मग विभागात जावे. विभाग चुकला तर सकाळ फुकट जाते, म्हणून थोडक्यात सांगतो. घोरणे आणि श्वास अडकणे असेल तर कान-नाक-घसा किंवा छातीचे विकार. पाय ओढणे, वजनातले बदल, धडधड यांसाठी मेडिसिन. चिंता, उदासी, पहाटेची लवकर जाग यांसाठी मानसोपचार. हसताना किंवा रागावताना अचानक गुडघ्यातले बळ जाते आणि दिवसा अनावर झोपेचे झटके येतात, असा दुर्मीळ प्रकार असेल तर मेंदूविकार. फक्त मानसोपचारासाठी जायचे तर कारेलीबागेतले मानसिक आरोग्य रुग्णालयही आहे.

त्या शेवटच्या नावाला आपल्या घरांत अजून वेगळेच नाव आहे आणि ते ऐकून आईवडील दचकतात. त्यांना सांगावे की, झोपेसाठी मानसोपचार विभागात जाणारा माणूस तपासून, चिठ्ठी घेऊन त्याच दुपारी घरी येतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार उपचाराची माहिती गुप्त राहण्याचा हक्क रुग्णाला आहे. जीवाला धोका असण्यासारखे काही अपवाद सोडले तर ती महाविद्यालयाला किंवा नातेवाइकांना परस्पर दिली जात नाही.

श्वास अडकण्याची शंका असेल तर रात्रभराची झोप-तपासणी सांगितली जाते. ती घरी नेण्याच्या छोट्या यंत्रावर होईल की रुग्णालयात राहून, खर्च किती आणि अहवाल कधी, हे होकार देण्याआधी विचारावे. त्या रात्री नेहमीच्या वेळीच झोपावे आणि दुपारची झोप टाळावी.

## ८. गोळ्या: काय विचारावे आणि काय करू नये

डॉक्टरांनी गोळी दिली तर ती नाकारण्याचे कारण नाही, थोड्या दिवसांसाठी तिचा उपयोग असतो. पण चार प्रश्न विचारल्याशिवाय उठू नये: किती दिवस, किती वाजता, बंद कशी करायची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी चालवावी का.

अल्प्राझोलाम, झोल्पिडेम यांसारखी औषधे एच-१ या अनुसूचीत येतात. विक्रेत्याने ती चिठ्ठीशिवाय द्यायची नसतात आणि विक्रीची नोंद वेगळ्या वहीत करून ती तीन वर्षे जपायची असते. ओळखीवर मिळाली म्हणजे ती निर्धोक ठरत नाही. काही आठवडे रोज घेतल्यावर अशी गोळी एकदम थांबवली तर झोप पूर्वीपेक्षा वाईट उडते, कधी कधी फिटही येते. म्हणून ती डॉक्टरांच्या सांगण्यानुसार हळूहळू कमी करावी लागते. मद्याबरोबर तर ती कधीच घेऊ नये, कारण दोन्ही मिळून श्वास मंदावतो. घोरणाऱ्याने श्वास अडकण्याची शंका डॉक्टरांना सांगितल्याशिवाय झोपेची गोळी घेऊ नये.

सर्दीच्या गोळीने गुंगी येते म्हणून ती रोज घेणारेही भेटतात. परीक्षेच्या आदल्या रात्री अशा दोन गोळ्या घेऊन झोपलेला एक मुलगा प्रात्यक्षिकाला पावणेदोन तास उशिरा पोहोचला. गजर वाजत होता, सोबती हलवत होता, त्याला काहीच आठवत नव्हते. आजीच्या जायफळ-दुधाला माझी हरकत नाही, चिमूटभर असेल तोवर. चमचाभर जायफळ मात्र भ्रम आणि धडधड घडवू शकते, तेव्हा "घरगुती आहे" म्हणून प्रमाण वाढवू नये.

## ९. परीक्षा आणि वसतिगृहाचे कागद

कागद त्रासाच्या काळातला हवा, नंतरचा नव्हे. पेपर बुडाल्यावर "मागच्या महिन्यापासून त्रास होता" असे लिहून द्या म्हणणाऱ्याला प्रामाणिक डॉक्टर नकारच देतात. केसपेपरच्या प्रती भेटीच्या दिवशीच काढाव्यात. उपस्थिती कमी पडणार असे दिसताच, म्हणजे अंतिम यादी लागण्याच्या कितीतरी आधी, विभागप्रमुखांच्या नावे अर्ज द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्यावा. अर्जात निदान लिहिण्याची गरज नसते. "वैद्यकीय उपचार चालू आहेत, प्रमाणपत्र सोबत जोडले आहे" इतके पुरते. मागणी मात्र नेमकी असावी: सकाळच्या प्रात्यक्षिकाची तुकडी बदलून दुपारची मिळावी, किंवा सबमिशनला अमुक तारखेपर्यंत मुदत मिळावी. "सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा" यावर कोणालाही काही करता येत नाही.

वसतिगृहात खोली बदलून हवी असेल तर कारणही तितकेच नेमके द्यावे: खिडकीसमोरचा दिवा, जिन्यालगतची खोली, सोबत्याच्या अभ्यासाच्या वेळा. ध्वनिवर्धकाचा त्रास असेल तर रात्री १० ते सकाळी ६ ही बंदीची वेळ २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतच आहे. सणासाठी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस ती मध्यरात्रीपर्यंत शिथिल करता येते. नवरात्रातल्या गरब्याविरुद्ध अर्ज करून फारसे हाती लागणार नाही. त्या रात्री कानात बोळे घालून काढाव्यात किंवा सरळ गरब्याला जावे आणि उठण्याची वेळ तेवढी सांभाळावी.

## १०. सहा आठवड्यांनी पुन्हा वही

उपचार सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांनी पुन्हा सात दिवसांची नोंद ठेवावी आणि तेच गणित पुन्हा करावे. "बरे वाटते" किंवा "काही फरक नाही" या दोन्ही भावनांवर विसंबू नये. वर सांगितलेल्या विद्यार्थ्याला काहीच फरक वाटत नव्हता, पण त्याचा आकडा ७१ वरून ८३ वर आला होता आणि दुपारची झोप वीस मिनिटांवर.

आकडा हलला नसेल तर उपचार पाळला गेला की नाही, हे आधी स्वतःला विचारावे. तो पाळूनही हलला नसेल तर दोन्ही वह्या घेऊन त्याच डॉक्टरांकडे परत जावे. दर पंधरा दिवसांनी नवा डॉक्टर धरला की प्रत्येक जण पहिल्यापासून सुरुवात करतो. जुन्या डॉक्टरांना विचारून दुसरा विभाग गाठायचा असेल तर फाईल पूर्ण न्यावी आणि केसपेपर हरवला असेल तर जुना केस क्रमांक तरी लिहून न्यावा.